दादाच्या टॅबमधली बाई

दादा, तुझ्या टॅबमध्ये आता कोणती सिस्टिम ठेवायची, यावर माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही.

तेरावं झालं. पाव्हणे आपापल्या गावी गेले, मंडपवाला बांबू काढून घेऊन गेला. टॅब तुझ्या खाटेच्या उशाला तसाच आहे, वायर लावलेला. वहिनी अजून रोज चार्ज करते. कशाला करतेस, असं विचारायची माझी हिंमत होत नाही. शेजारचे म्हणाले, पोरांना गेम खेळायला देऊन टाका. त्यांचं बरोबरही असेल. पण त्या टॅबवरून आपण दोघं जेवढं भांडलो तेवढी भावंडं जमिनीच्या वाटणीवरूनही भांडत नाहीत. आणि ते भांडण मिटलेलं नाही. तू मधेच उठून गेलास. बाजारात सौदा चालू असताना कुणी असं उठून गेलं असतं, तर पुढच्या बाजारी तू त्याला जवळ उभं केलं नसतंस.

लोक आले ते सगळे तुझ्या आवाजाबद्दलच बोलले. घाटनांदूरच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करणारे काय कमी आहेत? पण तू हाळी दिलीस की स्टेशनावर गाडीची वाट बघणारी माणसंही मान वळवायची, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तुझी नक्कल करून दाखवली. ऐकताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सगळे तिथंच थांबायचे. ऑपरेशननंतरच्या तुझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जणू आवाज गेला त्याच दिवशी तू गेलास. म्हणून हे लिहायला बसले. तो पुढचा, बिनआवाजाचा दादा मला जास्त माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले होते, कॅन्सर आहे, घशातला आवाजाचा डबाच काढावा लागेल. काढला. गळ्याला भोक, श्वास तिथून. "पुढं बोलण्यासाठी एक नळी बसवता येईल, पण आधी जखम भरू द्या, रेडिएशनचा शेक पुरा होऊ द्या." त्या 'पुढं'ची वाट बघत आपण सगळे बसलो.

तोवर बोलायचं कसं? मी पाटी आणि खडू आणून दिले. खडूची भुकटी गळ्याच्या भोकात गेली आणि तुला असा ठसका लागला की वहिनीनं पाटी अंगणात भिरकावली. मग वही दिली, तर आडवं पडून बॉलपेन उमटत नाही. मोबाइलवर टाइप कर म्हणलं, तर तुझ्या एका बोटाखाली तीन-तीन अक्षरं दबायची. आयुष्यभर तू व्हॉइस मेसेज पाठवलेस, 'क' कुठं आहे ते तुला कशाला माहीत असेल!

आणि खरी अडचण याहून मोठी होती. तू बोलू शकत नव्हतास आणि माय वाचू शकत नव्हती. दिवसभर घरात तुम्ही दोघंच. वहिनी शेळ्या घेऊन रानात, पोरं शाळेत, मी बीडला क्लासात कॉम्प्युटर शिकवायला. तू वहीवर लिहायचास, माय ती वही उलटीसुलटी धरून बघायची आणि परत तुझ्या हातात द्यायची. एकदा मी आले तेव्हा ती रडत होती. म्हणाली, "सकाळधरनं काय तरी मागतंय गं लेकरू. मला कळंना. पानी दिलं, चादर दिली, भाकर दिली. नुसतं मान हलवतंय." तुला पंखा बंद करून पाहिजे होता.

त्या दिवशी मी ठरवलं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी आहे, बी.एस्सी., तीही कॉम्प्युटरची. हे मी सांगते आणि सांगत राहणार. तू तर माझ्यापेक्षा जास्त सांगायचास, बकऱ्याचे दात दाखवता दाखवता गिऱ्हाइकाला म्हणायचास, "आमची मंदी कॉम्प्युटर उघडून परत बशिवती." मग हे जर मला जमत नसेल तर मी शिकले कशाला? बीडच्या ओळखीच्या दुकानातून पेनवाला जुना टॅब आणला. काचेवर पेननं लिहायचं, आडवं पडूनही चालतं, भुकटी नाही. प्रश्न एवढाच होता की त्याच्या आत सिस्टिम कोणती घालायची.

तुला समजावून सांगताना मी म्हणलं, "दादा, टॅब म्हणजे नुसतं शरीर. सिस्टिम घातल्यावर ते चालायला लागतं. तीन प्रकारच्या आहेत, बघ आता."

तू लिहिलंस, "दाखीव एकेक."

आणि खाटेवर बसून तू त्या तिन्ही सिस्टिम बाजारात उभ्या केल्यासारख्या बघितल्यास. विंडोज त्यात आधीचीच होती. मी तीच रोज शिकवते, म्हणून आधी तीच चालू केली. टॅब जुना, मेमरी कमी, उघडायला वेळ लागला. तू शांतपणे उठलास, माठातलं पाणी घेतलंस, थेंब थेंब प्यायलास, येऊन बसलास आणि तेव्हा कुठं स्क्रीन आली. तू लिहिलंस, "ह्याला उठवूस्तोर माझी तहान मेली. किती दाती हाय हे?" जनावराचं वय दातांवरून धरतात तसं तू टॅबचं वय विचारत होतास. मी हसले. तुझ्या गळ्यातून नुसती हवा आली, फस् फस्. तुझं नवं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

मग लिनक्स. हलकं, जुन्या टॅबवरही पळतं. एक वहीसारखं पान सदा उघडं राहील असं मी बसवून दिलं. पेन टेकवला की शाई. तू आधी बकरा काढलास, मग बकऱ्याला शिंगं, मग खाली सही. तुझं तोंड उजळलं.

"ह्याचे किती?" लिहिलंस.

"फुकट असतं हे."

तू पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलंस. परत उचलून लिहिलंस, "फुकट? मंग आजारी असंल."

आजारी नव्हतं ते. तुला ते आवडलंही. पण दादा, ते तुझं लिहिलेलं नुसतं दाखवायचं, वाचायचं नाही. म्हणजे काचेची पाटीच. मायसाठी तीही वहीसारखीच उलटीसुलटी. मी एवढा खटाटोप पाटीसाठी केला नव्हता. मला तिसरी पाहिजे होती, अँड्रॉइड. त्यातल्या एका चौकटीत पेननं मराठी लिहिलं की छापील अक्षरं होतात आणि खालचं बटण दाबलं की टॅब ते मोठ्यानं वाचतो. त्या जुन्या टॅबवर ती बसवायला मला घाम फुटला. पेन कधी चाले, कधी रुसे. पण बसवलीच.

आठवतं ना, पहिल्यांदा बोलला तेव्हा? तू लिहिलंस, बटण दाबलंस आणि खोलीत स्वच्छ, पुस्तकी मराठीत एक बाई बोलली, "माय, इकडे ये."

माय चुलीपाशी होती. पदर सावरत बाहेर आली. "कोन आलंय गं? बसाय टाक की त्यांना."

"माय, दादा बोलतोय. टॅबमधून."

मायनं तुझ्याकडं बघितलं, टॅबकडं बघितलं. "दादा? ही तर शाळंतली बाई हाय." मग टॅबलाच म्हणाली, "बाई, तुमी जरा दम धरा. माझ्या लेकराला काय पायजे ते माझं लेकरू सांगंल."

तू फस् फस् हसत खाटेवर आडवा झालास. मला मात्र हसू येईना. मी पुरुषाचा आवाज शोधून लावला, तो बातम्या दिल्यासारखा बोलायचा. तू मान हलवलीस. मग मी म्हणलं, तुझे जुने व्हॉइस मेसेज आहेत, त्यावरून तुझाच आवाज तयार करता येतो म्हणतात, मी शोधते. तू लगेच लिहिलंस, "नको. मी मेल्यावर बी भाव सांगत बसंल ते."

तिथून आपलं भांडण लागलं. तुझं म्हणणं, "मला पाटी दे. तू वाचून दाखीव. तू वाचलं की माय ऐकती." माझं म्हणणं, मी आठवड्यातून एकदा येते, बाकीचे दिवस कोण वाचणार? तुझं म्हणणं, ह्या बाईच्या तोंडून बोलायची मला लाज वाटती. माझं म्हणणं, लाज महत्त्वाची का तहान? एका रविवारी आपण इतके तापलो की मीही पेन हिसकावून घेतला आणि टॅबवर उत्तर लिहायला लागले. एका पेनसाठी दोन हात. तू पेन परत ओढलास आणि एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंस, "कानानं ऐकू येतंय मला. तू कावून लिवती?"

सगळेच असं करायचे. तू लिहितोस म्हटल्यावर येणारा प्रत्येक जण तुला लिहूनच उत्तर द्यायचा, नाहीतर कानाशी येऊन ओरडायचा. तुझे बाजारातले जोडीदार रशीदभाई आले, त्यांनीही पेन उचलला आणि "तब्येत कैसी" लिहायला लागले. तू लिहिलंस, "मुका झालो बे, भैरा न्हाई."

"हौ रे, भूल गया," म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला.

मग तुम्ही दोघांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. रशीदभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढून तुझ्या हातावर टाकला, त्याखाली स्वतःचा हात घातला. बाजारात भाव करतात तसा. वरून कुणाला काही दिसत नाही, आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगायचा. त्यांनी दाबलं, तू तोंड वाकडं केलंस. तू दाबलंस, ते "मार डालता क्या बे?" म्हणून ओरडले. असं किती तरी वेळ. शेवटी हात सुटले आणि बाहेर त्यांच्या गाडीत उभ्या असलेल्या बोकडाचा सौदा झालेला होता. तुला आवाजाची गरजच पडली नाही. तू माझ्याकडं असं बघितलंस, की बघ, कोणती सिस्टिम लागते?

त्याचं उत्तर आज देते. रुमालाखाली आकडा जातो, दादा. 'मला भीती वाटते' हे रुमालाखालून जात नाही. ते तू एकदा टॅबवर लिहिलंस, असं मला वाटतं. शेक घेऊन आलो होतो, मी औषधं लावून ठेवत होते. तू काहीतरी लांब लिहिलंस, बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलास. मी वळून "काय?" म्हणाले, तर तू ते सगळं पुसलंस आणि लिहिलंस, "चहा ठिव." मी चहा ठेवला. ते काय होतं ते विचारलं नाही. विचारलं असतं तरी तू काय सांगितलं असतंस म्हणा.

शेवटी अँड्रॉइडच राहिली. मी ऐकलं नाही. तू एवढंच लिहिलंस, "आता मशीन बोलतंय. मंग तू कशाला येशील?"

"मी येणार. तू बघ," मी म्हणाले. आणि आले, दादा. बीडच्या स्टँडवरून घाटनांदूरची गाडी मिळो न मिळो, अंबाजोगाईत उतरून जे मिळेल ते धरून आले. दर रविवारी तू माझ्यासमोर टॅबमधली साधी वही उघडायचास, तिच्यात लिहायचास, मला दाखवायचास, मी मायला वाचून दाखवायचे. बटण तू दाबायचाच नाहीस. मी चिडायचे. एवढ्या कष्टानं बसवलं आणि तू पाटीच वापरतोस! तू खांदे उडवायचास. माय म्हणायची, "त्या बाईचं नाव नको काढू घरात." मला वाटायचं, मी हरले. आठवडाभर हे दोघं तसेच एकमेकांकडं बघत बसत असतील.

काल वहिनीनं सांगितलं.

आम्ही दोघी भांडी घासत होतो. मी म्हणलं, वहिनी, दादाला तो टॅब शेवटपर्यंत पसंत पडला नाही. वहिनी माझ्याकडं वळली. "कुनी सांगितलं तुमाला?" म्हणाली. "मी दिस बुडता शेळ्या घेऊन यायचे तर रस्त्यापस्तोर ती बाई ऐकू यायची. आत्याबाई आन् ती बाई, नुसतं कचाकचा भांडान. बाई म्हनायची, भाजीला मीठ कमी आहे. आत्याबाई म्हनायच्या, तुमी या की मग करायला. बाई म्हनायची, औषध नको. आत्याबाई म्हनायच्या, बाई, तुमी मधी पडू नका, गप गिळायला सांगा त्याला. लई बोलायचे दोघं मायलेक. आधी बोलत व्हते त्याच्यापरीस जास्त."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हनले, मंदी आली की बाई बंद."

दादा, तू पक्का दलाल. समोरच्याचा माल चांगला आहे हे तू त्याच्या तोंडावर कधीच म्हणायचा नाहीस, नाहीतर त्याचा भाव चढतो. 'ह्या टॅबनं माझं काम झालं' म्हणलं असतंस तर मी कदाचित एखादा रविवार बीडला राहिले असते, अशी भीती होती ना तुला? म्हणून पुऱ्या हंगामभर तू माझ्याशी खोटं भांडलास. आणि मी खरं भांडले. तू हे जाताना तरी सांगायचं होतंस. मी आलेच असते रे. तुझा सौदा मोडला नसता.

म्हणजे भांडण मी जिंकले. खूश व्हायला पाहिजे होतं. पण एक गोष्ट आहे, ती मी वहिनीला सांगितलेली नाही, कुणालाच नाही.

आजार छातीत उतरल्यावर तुला परत अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं, तिथला शेवटचा रविवार. तुझ्या हातात पेन धरवत नव्हता. मी टॅब समोर धरला, पेन तुझ्या बोटांत बसवला. तू माझ्याकडं बघत लिहायला लागलास. वाकडीतिकडी रेघ, थोडी वर गेलेली, मग लांब खाली आलेली, मग पेन सुटला. बटण दाबलं तर बाई गप्प. तिला त्यात एकही अक्षर सापडलं नाही. आणि ती चौकट अशी आहे, की लिहिलेलं क्षणभर दिसतं, त्याची अक्षरं होतात, आणि शाई आपोआप नाहीशी होते. अक्षरं झाली नाहीत तरी शाई जाते. माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ गेली.

घाईत मी ती बोलणारी चौकट उघडून दिली होती. तुझी साधी वही एक बोट दाबलं असतं तर उघडली असती. तिच्यात ती रेघ राहिली असती. मी ती घेऊन बसले असते, उलटीसुलटी करून बघितली असती, मायनं तुझी वही बघितली तशी. मला काही कळलं नसतं, पण असती. आता मी मनातल्या मनात ती काढून बघते. वर, मग खाली. 'म' होतं का? माय लिहीत होतास, का मंदे? का 'मला'? का नुसता हातच घसरला? हे भांडण मी कुणाशी भांडू?

मी अजूनही म्हणते की मायसाठी तीच सिस्टिम बरोबर होती. तू म्हणायचास की पाटीच बरी. दोन्ही खरं निघालं. त्याचं मी काय करू, सांग.

आज सकाळी माय तुझ्या खाटेवर बसली होती. हात टॅबच्या काचेवरून फिरवत होती, शेळीच्या पाठीवरून फिरवते तसा. मी आत आल्यावर म्हणाली, "मंदे, त्या बाईला जरा बोलीव की."

"कशाला, माय?"

"आसंच. लई दिस झालं, आवाज न्हाई घरात."

मी टॅब उचलला, चालू केला, पेन काढला. आणि हात थांबला. कारण मी काय लिहू? तिला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. दुपारच्या भाजीबद्दल काहीतरी. औषध नको, पंखा बंद कर, असं काहीतरी. मी लिहिलं असतं तर बाई अगदी तशीच बोलली असती. तुझा हात आणि माझा हात तिला सारखाच. मायला फरक कळला नसता, निदान क्षणभर तरी. आणि मायला तो क्षणच पाहिजे होता.

पण तुझं बोलणं माझ्या हातानं लिहायचं मला जमलं नाही, दादा. तुझ्या नावानं सौदा करायला मी कोण? मी माझंच लिहिलं. बटण दाबलं. बाई तिच्या त्याच स्वच्छ आवाजात म्हणाली, "माय, मी मंदा आहे."

माय ऐकत राहिली. तिनं माझ्या हातातला पेन काढून घेतला, टॅब पालथा घातला आणि माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं.

"तुला तोंड हाय की गं," म्हणाली. "तू तोंडानं बोल."

मी तोंड उघडलं. माय वाट बघत होती.